परिचारिका सुरक्षित, तर रुग्णालय सुरक्षित

मे २०१८च्या पहिल्या आठवड्यात केरळमधील कोळिकोड जिल्ह्यातील पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयात तापाने फणफणलेला एक तरुण दाखल झाला. प्रकृती ढासळू लागताच त्याला कोळिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हलविण्यात आले आणि ५ मे रोजी त्याचा मृत्यू झाला. त्याला नेमके काय झाले होते, हे त्या दिवशी कोणालाच उमगले नव्हते. पुढच्या पंधरवड्यात त्याच्या घरातली माणसे त्याच लक्षणांनी अंथरुणाला खिळली. त्याच्या भावावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मनात शंका डोकावली, नमुने मणिपालच्या प्रयोगशाळेत गेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २० मे रोजी निदानावर शिक्कामोर्तब केले : निपाह. दुसऱ्याच दिवशी पेरांब्राच्या रुग्णालयात त्या पहिल्या रुग्णाची शुश्रूषा केलेल्या लिनी पुथुसेरी या परिचारिकेचे निधन झाले. दोन लहानग्या मुलांची ती आई. तिचा देह घरी न नेता तातडीने अंत्यसंस्कार उरकावे लागले.

त्या साथीत १८ जणांची लागण प्रयोगशाळेत सिद्ध झाली आणि निदानापूर्वीच दगावलेला पहिला रुग्ण धरून १७ जणांचा मृत्यू झाला. लिनीच्या त्यागाचे देशाने कौतुक केले आणि ते उचितच होते. परंतु कौतुकाच्या ओघात एक प्रश्न मागे पडला. या माणसांना लागण झाली कोठे? वटवाघळांनी उष्टावलेल्या फळांमुळे, अशी समजूत त्या दिवसांत घरोघरी पसरली होती. वस्तुस्थिती वेगळी होती. वटवाघळाकडून विषाणू आला असेल तो पहिल्या रुग्णापर्यंत. त्यानंतरच्या बहुतेकांना तो भेटला रुग्णालयात. कोणाला तालुका रुग्णालयाच्या वॉर्डात, तर कोणाला वैद्यकीय महाविद्यालयाच्या क्ष-किरण विभागाबाहेरच्या अरुंद मार्गिकेत, जेथे अनेक रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक खेटून आपापल्या पाळीची वाट पाहत होते. बरे होण्यासाठी माणूस ज्या वास्तूत पाऊल टाकतो, त्या वास्तूनेच त्याच्या हाती मृत्यू ठेवावा, याहून मोठी शोकांतिका कोणती?

हे केरळमध्येच घडले असे नाही. २००१च्या जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधील सिलिगुडीत एक अनाकलनीय ताप पसरला. ६६ जण आजारी पडले, ४५ दगावले. तो निपाह होता, हे जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून काही वर्षांनी कळले. ज्यांची पूर्ण माहिती मिळू शकली त्यांच्यापैकी सुमारे ७५ टक्के लोकांचा संबंध रुग्णालयाशी होता. ते तेथे काम करीत होते किंवा रुग्णाच्या सोबतीला गेले होते. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील कोलाट गावच्या एका महिलेला क्रिमियन काँगो ताप झाला. गोचिडांमार्फत पसरणारा हा रोग. ती महिला गेली आणि तिच्यामागोमाग तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व तिची शुश्रूषा करणारी परिचारिकाही गेली. २०२३च्या ऑगस्टअखेरीस कोळिकोड जिल्ह्यात पुन्हा तेच. पहिला रुग्ण निदानाविना दगावला, आणि नंतर बाधित ठरलेले पाचही जण त्याच्या घरातून किंवा रुग्णालयातून लागण झालेले निघाले.

या सर्व घटनांतून एक गोष्ट लख्ख दिसते. भयंकर रोगाचा पहिला रुग्ण कपाळावर चिठ्ठी चिकटवून येत नाही. तो येतो साधा ताप, खोकला किंवा उलट्या घेऊन, मध्यरात्री, गर्दीत, थकलेल्या सिस्टरच्या पाळीत. म्हणूनच साथ जाहीर झाल्यानंतर उभारलेला विलगीकरण कक्ष कितीही सुसज्ज असला, तरी तो पहिल्या परिचारिकेला वाचवू शकत नाही. तिला वाचवते ती रोजची सवय. प्रत्येक रुग्णाला हात लावण्यापूर्वी व लावल्यानंतर हात निर्जंतुक करणे, खोकणाऱ्याला केसपेपरच्या खिडकीपाशीच मास्क देऊन वेगळ्या बाकावर बसविणे, रक्त वा स्राव उडण्याची शक्यता असेल तेथे डोळ्यांवर चष्मा चढविणे. आणि हे सारे निदान काय आहे याची वाट न पाहता. शास्त्रात यालाच सार्वत्रिक दक्षता म्हणतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये रुग्णालयीन संसर्ग नियंत्रणाची जी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांचाही गाभा हाच आहे. अवघ्या काही आठवड्यांत कोरोना दारात उभा राहिला आणि त्या पुस्तिकेचे वाचन परीक्षेच्या मांडवातच करण्याची वेळ आली.

श्रीमंत देशांत असे होत नाही, असा एक न्यूनगंड आपल्या सुशिक्षित वर्गात खोल रुजलेला आहे. तो झटकून टाकण्यासाठी २०१४ची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. अमेरिकेतील डॅलस येथील एका मोठ्या रुग्णालयात लायबेरियाहून आलेला एक रुग्ण ताप घेऊन आला. प्रवासाची माहिती त्याने दिली होती, तरी औषधे देऊन त्याला घरी पाठविण्यात आले. दोन दिवसांनी तो परतला तेव्हा त्याला इबोला झाल्याचे निष्पन्न झाले. त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना लागण झाली. सुदैवाने दोघी वाचल्या. त्याच वर्षी जुलैत नायजेरियातील लागोस शहरात लायबेरियाचाच एक उच्चपदस्थ इबोला घेऊन पोहोचला. तेथील डॉ. अमेयो अडाडेवोह यांनी शंका येताच त्याला रुग्णालयाबाहेर सोडण्यास ठाम नकार दिला. दबाव आला, राजनैतिक धमक्या आल्या, त्या बधल्या नाहीत. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १९ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. पण दोन कोटींच्या आसपास वस्तीच्या त्या अजस्र नगरात सुरू झालेली साथ देशभरात २० रुग्ण आणि ८ मृत्यू यांवर थांबली. डॅलसमध्ये यंत्रे होती. लागोसमध्ये वेळीच पडलेला एक प्रश्न होता आणि त्या प्रश्नापाशी उभे राहण्याचे धैर्य होते.

संरक्षक पोशाखाचीही अशीच कथा. २०२०च्या आरंभी पीपीई किटचे उत्पादन आपल्या देशात नगण्य होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यापर्यंत दररोज दोन लाखांहून अधिक किट देशातच तयार होऊ लागले. भारतीय उद्योजकतेचा हा पराक्रम अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. परंतु पोशाख अंगात असणे आणि सुरक्षित असणे यांत फरक आहे. धोका पोशाख चढविताना नसतो, तो उतरविताना असतो. सहा तास घामाने निथळलेली परिचारिका बाहेर येते, डोके भणभणत असते, चष्म्यावर धुके साचलेले असते, केव्हा एकदा मोकळा श्वास घेते असे तिला झालेले असते. आणि नेमक्या त्याच क्षणी बाहेरून विषाणूने माखलेला हातमोजा नाकाजवळ जातो. हातमोजे कसे काढायचे, झगा आतील बाजू बाहेर येईल असा कसा गुंडाळायचा, चष्म्याला पुढून स्पर्श न करता तो मागून कसा सोडवायचा, मास्क सर्वांत शेवटी व खोलीबाहेर आल्यावरच का काढायचा आणि प्रत्येक पायरीनंतर हात का निर्जंतुक करायचे, हे भिंतीवरच्या चित्रफलकाने साधत नाही. त्यासाठी समोर दुसरी व्यक्ती उभी असावी लागते. तिने एकेक पायरी मोठ्याने उच्चारायची आणि चूक दिसताच 'थांबा' म्हणायचे. यास यंत्र लागत नाही, लागते ते एक माणूस अधिक आणि पोशाख उतरविण्यासाठी एक वेगळी खोली. आपल्याकडील किती रुग्णालयांत ती खोली आहे? स्वच्छ बाजूने आत जायचे आणि दूषित बाजूने बाहेर पडायचे, दोन्ही वाटा एकमेकींना छेदू द्यायच्या नाहीत, हे साधे सूत्र नकाशा काढतानाच पाळले, तर पुढे लाखो रुपयांची तोडफोड वाचते.

आणि हवा. या विषयाकडे जितके दुर्लक्ष झाले तितके अन्य कशाकडेही झाले नसेल. गेल्या तीन दशकांत रुग्णालय म्हणजे काचेची इमारत, बंद खिडक्या आणि गार वारा, असे समीकरण मध्यमवर्गाच्या मनात ठसले आहे. ज्या रुग्णालयाच्या खिडक्या उघड्या, ते गरिबांचे, अशी एक विचित्र प्रतिष्ठेची कल्पना त्यातून जन्मली. विज्ञान मात्र दुसरेच सांगते. पेरूची राजधानी लिमा येथील रुग्णालयांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उंच छत, मोठमोठ्या समोरासमोर खिडक्या असलेल्या जुन्या वॉर्डांत यांत्रिक वायुवीजन असलेल्या आधुनिक खोल्यांपेक्षा हवा कितीतरी अधिक वेळा बदलते आणि क्षयाच्या संसर्गाचा धोका कमी राहतो, असे त्यात आढळले. २००३ मध्ये सार्सच्या साथीत हनोईतील एका आधुनिक खासगी रुग्णालयात डझनावारी कर्मचारी बाधित झाले. त्या रोगाबद्दल जगाला सावध करणारे डॉ. कार्लो उर्बानी तेथेच संसर्ग होऊन २९ मार्चला दगावले. त्याच शहरातील बाख माई या सरकारी रुग्णालयाने खिडक्या सताड उघड्या ठेवून सार्सचे रुग्ण सांभाळले आणि तेथील कर्मचाऱ्यांत लागण झाल्याची नोंद नाही. हाँगकाँगमध्ये त्याच महिन्यात एका प्रतिष्ठित रुग्णालयाच्या वॉर्डात एकाच रुग्णापासून १३८ जणांपर्यंत रोग पोहोचला; त्यांतील निम्मे रुग्णालयाचेच कर्मचारी होते आणि रुग्णाला वाफेवाटे औषध देणाऱ्या उपकरणाने संसर्ग पसरविला असावा, असा निष्कर्ष निघाला.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या वॉर्डासाठी दर रुग्णामागे दर सेकंदाला १६० लिटर ताजी हवा खेळावी, असे मान सांगितले. आपल्या पूर्वीच्या वास्तूंत, वाड्यांच्या चौकांत, पडव्यांत वाऱ्याच्या वाटेचा विचार केलेला असे. ब्रिटिश काळातल्या सिव्हिल हॉस्पिटलांचे व्हरांडेही त्याच हवामानाला शरण गेलेले होते. हे सारे मोडून काचेच्या पेट्या बांधायच्या आणि मग त्यांत ऋण दाबाची यंत्रणा बसवायची, हा उलटा प्रवास आहे. अर्थात काही रोगांसाठी आणि काही उपचारांसाठी अशी खोली अपरिहार्य असते, जीत बाहेरची हवा आत जाते पण आतली मार्गिकेत येत नाही. ती अवश्य असावी. मात्र ती चालते की नाही, हे कोणी पाहिले पाहिजे. त्याची परीक्षा अगदी सोपी आहे. दार लावून खालच्या फटीपाशी पेटती उदबत्ती धरावी; धूर आत ओढला गेला तर खोली ठीक, बाहेर आला तर ती खोली नसून सापळा आहे. ठेकेदाराने दिलेल्या प्रमाणपत्रापेक्षा दहा पैशांची ही उदबत्ती अधिक प्रामाणिक साक्ष देते.

एक संकट टाळताना दुसरे ओढवून घेता कामा नये, हा धडा महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा मंदावून वीसहून अधिक कोरोना रुग्ण गुदमरून गेले. त्यानंतर दोनच दिवसांनी विरारमधील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. डझनाहून अधिक रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातील कोरोना अतिदक्षता विभागात लागलेल्या आगीत ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. प्राणवायूने भारलेली बंद खोली, अहोरात्र चालणारी वातानुकूलन यंत्रे, क्षमतेपलीकडे ताणलेल्या वीजवाहिन्या आणि जागचे हलू न शकणारे रुग्ण, हे मिश्रण किती स्फोटक असते, हे तेव्हा कळले. संसर्गाच्या भयाने दारे-खिडक्या बंद करणाऱ्याने आगीच्या वेळी ती कोण उघडणार, हेही त्याच बैठकीत ठरविले पाहिजे.

या चर्चेत नेहमी विसरला जातो तो शेवटचा माणूस. भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नोंदीनुसार कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ७००हून अधिक डॉक्टरांनी प्राण गमावले. त्यांची नावे वर्तमानपत्रांत आली आणि ती यायलाच हवी होती. पण वॉर्ड पुसणाऱ्या मावशी, मृतदेह बांधणारा वॉर्डबॉय, पिवळ्या पिशवीतला कचरा उचलणारा सफाई कामगार यांची नावे कितीजणांना ठाऊक आहेत? केंद्र शासनाने मार्च २०२० मध्ये जाहीर केलेल्या ५० लाखांच्या विमा योजनेत सफाई कर्मचारी आणि वॉर्डबॉय यांचाही समावेश केला, हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह होते. परंतु विमा मृत्यूनंतरचा. जिवंतपणी त्याला प्रशिक्षण कोण देतो? तो बहुधा ठेकेदाराचा माणूस असतो, आज येथे तर उद्या तेथे. त्याच्या हाती जाड हातमोजा असेलच याची शाश्वती नसते. टोचलेली सुई, सांडलेले रक्त, एक टक्का हायपोक्लोराइटचे रोज ताजे करावयाचे द्रावण, हे सारे त्याच्या हातून जाते. ते द्रावण शिळे झाले, ब्लीचिंग पावडरचे पोते महिनोन्महिने ओलीत उघडे पडून राहिले, तर त्यातील क्लोरीन उडून जातो आणि फरशी पुसली जाते ती निव्वळ पाण्याने. संसर्गाला पदांची उतरंड कळत नाही. अधीक्षकाच्या दालनातील शिस्तीपेक्षा मावशीच्या बादलीतील द्रावणावर रुग्णालयाची सुरक्षितता अधिक अवलंबून असते.

पैसा नाही, ही सबब आता पूर्वीइतकी चालण्यासारखी नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आरंभ झालेल्या प्रधानमंत्री आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानासाठी ६४ हजार १८० कोटी रुपयांची योजना आखली गेली. जिल्ह्याजिल्ह्यांत अतिदक्षता कक्षांच्या स्वतंत्र इमारती आणि प्रयोगशाळा उभारणे हा तिचा भाग आहे. इमारतींचे उद्घाटन होते, कोनशिला बसते, छायाचित्रे निघतात. संसर्ग नियंत्रण परिचारिकेच्या पदाचे उद्घाटन होत नाही, म्हणून ते पद रिकामे राहते किंवा आधीच दहा कामे असलेल्या सिस्टरच्या गळ्यात पडते. जेथे हे जमले तेथे फळही दिसले आहे. २०१८च्या आघातानंतर केरळने कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले, विलगीकरणाची व्यवस्था बसविली. जून २०१९ मध्ये एर्नाकुलम येथे निपाहचा रुग्ण सापडला तेव्हा तो वेळीच ओळखला गेला, बरा होऊन घरी परतला आणि त्याच्यापासून एकालाही लागण झाली नाही. राज्य तेच, विषाणू तोच, अंतर अवघ्या वर्षाचे.

शासनाला जाब विचारताना समाजानेही आपल्या वागणुकीकडे पाहिले पाहिजे. आजाऱ्याला भेटायला जाणे हा आपला संस्कार आहे. तो सोडावा असे कोणी म्हणणार नाही. शिवाय त्याला एक कटू वास्तव चिकटलेले आहे. एका परिचारिकेच्या वाट्याला जेथे तीस-चाळीस रुग्ण येतात, तेथे रुग्णाला पाणी पाजणारे, कूस बदलणारे, भांडे देणारे हात नातेवाइकांचेच असतात. त्यांना 'गर्दी' म्हणून हाकलणे सोपे आणि अन्याय्य आहे. परंतु एका खाटेभोवती आठ माणसे, त्यांत दोन लहान मुले, घरचा डबा आणि त्याच हातांनी शेजारच्या रुग्णाची विचारपूस, हे चित्र बदललेच पाहिजे. एका रुग्णासोबत एकच ठरलेला माणूस, त्याला मास्क आणि हात धुण्याचे धडे, बाकीच्यांनी दूरध्वनीवरून चौकशी करावी. एवढे पथ्य प्रत्येक कुटुंब स्वतःहून पाळू शकते. कोळिकोडच्या त्या मार्गिकेत बळी पडलेल्यांत अशीच कोणाच्या तरी सोबतीला आलेली माणसे होती.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. विलगीकरण माणुसकीने झाले नाही तर लोक रोग लपवितात, आणि लपविलेला रोग सर्वांत घातक. महाराष्ट्राइतका हा अनुभव कोणाच्या गाठीशी असेल? १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. १८९७च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला आणि पुण्यात रँडच्या सोजिरांनी घरांत घुसून, देवघरे तुडवून, स्त्रियांची अप्रतिष्ठा करून रुग्ण शोधण्याचा जो धुमाकूळ घातला, त्याची परिणती २२ जून १८९७ला चापेकर बंधूंच्या पिस्तुलातून झाली. त्याच काळात सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह प्लेगग्रस्तांची सेवा करीत होत्या. त्या सेवेतच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. लोकमान्य टिळकांनी पुण्यात प्लेगचे स्वतंत्र रुग्णालय उभे करण्यासाठी पुढाकार घेतला, तोही याच जाणिवेने की, आपल्या माणसाला आपल्या माणसांच्या हाती सोपविल्याचा विश्वास असल्याखेरीज कोणी दवाखान्याची पायरी चढणार नाही. आजच्या विलगीकरण कक्षालाही काचेची एक खिडकी हवी, जिच्यातून घरचा माणूस रुग्णाचे मुख पाहू शकेल. आणि अंत्यसंस्काराच्या वेळी चार पावलांवरून का होईना, दर्शनाची सोय हवी. कोरोनाच्या काळात अनेक घरांना तेवढेही लाभले नाही, ही सल अजून गेलेली नाही.

हे सर्व दूरच्या केरळचे दुखणे आहे, असे मानण्याचे कारण नाही. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वर येथील गुहेतून गोळा केलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या विषाणू विज्ञान संस्थेला निपाहच्या अस्तित्वाच्या खुणा आढळल्या. वटवाघळात विषाणू सापडणे आणि माणसाला रोग होणे यांत मोठे अंतर असते, त्यामुळे त्यावरून घबराट पसरविणे मूर्खपणाचे ठरेल. मात्र त्या गुहेपासून सर्वांत जवळच्या ग्रामीण रुग्णालयात उद्या रात्री तापाने बडबडणारा रुग्ण आला, तर त्याला कोठे बसवायचे, त्याला कोण हात लावणार, कोणता पोशाख कोणत्या कपाटात आहे आणि त्या कपाटाची किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरकडे असते की घरी गेलेल्या भांडारपालाकडे, हे आजच ठाऊक असायला हवे. देशातील पहिली सर्वोच्च जैवसुरक्षा प्रयोगशाळा पुण्यातच, पाषाण येथे, २०१२ पासून उभी आहे. नमुना तेथे पोहोचला तर निदानाची सोय आहे. प्रश्न तो नमुना घेणाऱ्या हातांचा आहे.

रुग्ण कल्याण समित्यांवर, जिल्हा नियोजन समितीवर, नगरपालिकांत आणि महापालिकांत समाजकार्याची जाण असलेली अनेक माणसे आज बसलेली आहेत. त्यांनी पुढच्या बैठकीत नव्या इमारतीच्या निविदेपूर्वी तीन गोष्टी मागाव्यात : गेल्या सहा महिन्यांत संसर्गजन्य रुग्ण आल्याची रंगीत तालीम कोणत्या तारखेला झाली, त्या तालमीत सफाई कामगार हजर होते काय, आणि असल्यास त्यांच्या सह्या कोठे आहेत, आणि संसर्ग नियंत्रण परिचारिकेचे पद भरलेले आहे की रिकामे. उत्तर 'माहिती घेऊन सांगतो' असे आले, तर त्याच बैठकीच्या इतिवृत्तात पुढची तारीख लिहून घ्यावी.